बोलत बोलत चढायची वाट

आप्पांच्याइतकं सावकाश चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाय अधू होते म्हणून नव्हे हं. पाय चांगले दणकट होते. उमेदीत मेंढरं घेऊन दर वर्षी घाट उतरून पार कोकणात जाऊन यायचे ते. पण गावात चालायला लागले की असे चालायचे, जणू पुढं ठेवायच्या प्रत्येक पावलाला आधी विचारून घेतायत. मागनं येणारी माणसं वैतागायची. "आप्पा, जरा वाट द्या की," म्हणायची. आप्पा बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "जावा, जावा. सावकाश जावा." त्यावरनं गावानं त्यांना सावकाश आप्पा हेच नाव पाडलं. पुढं पुढं तर त्यांचं खरं नाव कागदावर लिहायची वेळ आली की माणसं एकमेकांकडं बघायची.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, कोरडवाहू. माझं माहेर आष्ट्याकडचं, ऊस-हळदीच्या काळ्या रानातलं. लग्न होऊन आले तेव्हा ही उघडीबोडकी टेकडी बघून मला रडूच आलं होतं. आमचे हे कुपवाडला कारखान्यात लेथवर होते, रोज दुचाकीवरनं जायचे यायचे. ते म्हणायचे, "टेकडीकडं बघू नको, माझ्याकडं बघ." मी दोन्हीकडं बघत चाळीस वर्षं काढली. ते गेले, आणि टेकडी तेवढी राहिली बघायला. आता तिच्यावर वनखात्यानं झाडं धरलीत, म्हणून हिवर, बोर, तरवड दिसतात. तितर ओरडतात, कधी मोरही येतो. पण हे सगळं मला माहीत होतं ते दुसऱ्यांच्या तोंडून. वर गेले कुठं होते मी कधी?

आणि मग एका चैत्रात न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता चालायचं." मी घरी आले आणि खाटेवर बसले. वॉकर खाटेला टेकवून ठेवला, त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला बरा पडायचा. माझा संजय शिरवळला कंपनीत आहे. तो आला, खोलीभर फिरला, न्हाणीच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आता घराला कुलूप लावू. तू शिरवळला चल. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे." मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "बघू नाही. दिवाळीला येतो. तोवर तू एकटी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आलीस तर राहा इथं. नाहीतर माझ्याबरोबर यायचं." तो निघून गेल्यावर मी घराकडं पाहिलं. दोन खोल्या, पत्र्याची पडवी, दारात कढीलिंब. एवढंसंच. पण सकाळी उठून कोणतं भांडं कुठं आहे हे डोळे मिटून सांगता येतं, असं ठिकाण या वयात मी दुसरीकडं कुठून आणू?

आता आप्पा माझ्या दारात कसे आले ते सांगते. मेंढरं विकल्यावर ते वनखात्याच्या कामावर रोजानं जात होते. टेकडीच्या पायथ्याला छपरात एकटेच राहायचे. बायको गेलेली, मुलगी लांब जतच्या पलीकडं दिलेली. त्या वर्षी टेकडीवर पायवाट करायचं खात्यानं ठरवलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना, सगळ्यांना जाता येईल अशी. आमची गार्डमॅडम म्हणजे कराडकडची तरणी पोरगी, फार हुशार. तिनं कागदावर आखणी आणली होती. सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या आणि कडेला लोखंडी पाइप. आप्पांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, ही वाट न्हवं. ही शिडी हाय. पायरी तरन्या मानसाची. म्हाताऱ्याला उतार पायजे, लांब आन् आळशी."

"आळशी उतार म्हणजे किती आप्पा?" मॅडमनं विचारलं.

"त्ये गाभन मेंढी सांगंल."

मॅडम हसली, पण दुसऱ्या दिवशी खरंच आप्पा पुतण्याची पोटुशी मेंढी घेऊन टेकडीवर गेले. तिला मोकळी सोडली. ती जशी चरत, वळत, सोयीनं वर जाईल तसे मागनं चुन्याची फक्की टाकत गेले. पोटातल्या ओझ्यानं जनावर कधी खडी चढण घेत नाही म्हणे. संध्याकाळी खालनं बघितलं तर टेकडीवर पांढरी रेघ, नागमोडी, पाच वळणांची. मॅडमनं आपला कागद घडी करून पिशवीत ठेवला. ती आखणी तिनं वरच्या साहेबांना कशी पटवून दिली ते तिचं तिला माहीत.

पण आप्पांचं समाधान नव्हतं. मेंढीला चार पाय. माणसाला दोन, आणि आमच्यासारख्याला दीड. चढण माणसाला जाचते का हे कसं कळणार? त्यांचा त्यावर ठरलेला हिशेब होता. "बोलत बोलत चढता आलं पायजे. बोलनं थांबलं म्हंजी चढ जास्त झाला." मेंढी बोलत नाही, ही त्यांची अडचण. मग गावात त्यांनी विचारलं, एकदा सुरू झालं की थांबत नाही असं बोलणारं माणूस कोण? अहो, चौकशी कसली, चार जणांनी एकदमच माझ्या घराकडं हात केला.

आले ते दारात उभे राहिले. "वैनी, एक काम हाय. तुमी टेकडीवर यायचं."

मी म्हटलं, "आप्पा, मला खाटेवरनं उठवत नाही, टेकडी कुठली?"

"म्हनून तर तुमी पायजे. धडधाकट मानसाचं बोलनं मला काय कामाचं? तुमी वॉकर घेऊन चालायचं, तोंडानं बोलत ऱ्हायाचं. जितं गप व्हाल तितं मी दगड ठेवनार."

"आणि बोलू काय?"

"आता त्ये बी मीच सांगू व्हय?"

शेजारच्या रिक्षातून मला पायथ्याला नेलं. पहिल्या दिवशी दहा-बारा पावलं चालले. पण माझ्या माहेरची हळद शिजवायची कढई सांगून झाली आणि थोरल्या जावेचं सुरू झालं. बोलता बोलता धाप लागली, शब्द अडकला. आप्पांनी लगेच चुन्यात बुडवलेला दगड ठेवला. नंतर तिथं खणून चढ मोडला, मुरूम टाकला, पाणी मारून धुमसानं चोपला. पुन्हा मला चालवलं. या खेपेला जाऊबाई त्या दगडापलीकडं चार हात गेल्या.

मला वाटायचं ते ऐकत नाहीत, नुसते माझ्या श्वासाकडं कान लावून असतात. पण एकदा मी भावजयीची गोष्ट अर्धी सोडून दुसऱ्या दिवशी भलतंच सुरू केलं तर म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. तुमची भावजय काल हिरीवर रुसून बसल्याली. उठली का न्हाई?"

बसायच्या दगडाबद्दलही त्यांचा असाच कटाक्ष. गवंडी सुबक बुटके ओटे करायला निघाला होता. आप्पांनी थांबवलं. "खाली बसवनारा दगूड मानसाला उठू देत न्हाई. गुडघ्याएवढा पायजे, हात टेकायला कडंला धोंडा पायजे." वाटेची रुंदी त्यांनी काठीनं मोजली नाही. दोन शेरडं समोरासमोर आली तर एकमेकींना ढकलू नयेत एवढी ठेवली. आतल्या अंगाला सलग दगडांची ओळ लावली, डोळ्यांनी अधू माणसाच्या काठीला लागावी म्हणून. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. जन्मभर कळपातल्या सगळ्यांत मागच्या जनावराकडं बघत चाललेला माणूस तो.

पहिलं वळण झालं, दुसरं झालं. मला रात्री झोप लागायला लागली, भाकरी दीडाची दोन झाली. आणि मग दसऱ्याच्या आसपास संजयचा फोन आला. "आई, तुझ्या खोलीला रंग लावून घेतला. फिकट पिवळा. तुला आवडतो ना?" किती मायेनं बोलला पोरगा. पण फोन ठेवून मी खाटेवर बसले. मला वाटलं, हा रंग लावून मोकळा झाला, म्हणजे माझं जाणं ठरलंच. आता काहीही करून मी धडधाकट आहे हे दिसलं पाहिजे. संजय आप्पांनाच विचारणार, आई किती चढते म्हणून. आप्पा खरं तेच सांगणार, म्हणून ते खरंच मला चांगलं करून दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणाला मी काय केलं, ऐका. श्वास संपला तरी थांबले नाही. गोष्ट तर सुचत नव्हती. मग चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे महिने म्हटले, वार म्हटले, नणंदांच्या पोरांची नावं म्हटली. छातीत भाता चालला होता, पण तोंड बंद ठेवलं नाही. आप्पा माझ्या पुढं चालत होते. एकदा वळून बघितलं त्यांनी. मी हसून दाखवलं. त्यांनी दगड ठेवलाच नाही. पार वळणाच्या वर जाऊन म्हणाले, "वैनी, लय सुधारलासा की! हितं काय करायची गरज न्हाई." आणि तिथला चढ आहे तसा ठेवून मुरूम चोपला.

वाट पुरी झाली. दिवाळीला आठ दिवस होते. मॅडम म्हणाली, उघडायच्या आधी एकदा सुमनला नेऊन बघू. सुमन म्हणजे आमच्या गावातली शिवणकाम करणारी. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांत जोर नाही. चाकाच्या खुर्चीवर बसते आणि अख्ख्या गावाचे ब्लाउज शिवते. पस्तिशीची असेल. टेकडीच्या पायथ्याला घर, आणि टेकडीवर जन्मात गेलेली नाही. त्या दिवशी ती नवं पातळ नेसून आली होती. मी तिला चिडवलं, "काय गं, बघायला येणारायत का तुला?" तर म्हणाली, "व्हय काकू, मोर येनार हाय."

पहिलं वळण ती स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत गेली. दुसरं गेली. कुणाला हात लावू देत नव्हती. "सोडा मॅडम, सोडा, जमतंय मला." तिसऱ्या वळणाला खुर्ची थांबली. तिनं जोर लावला. दंडाच्या शिरा तटतटल्या. खुर्ची तसूभर पुढं गेली आणि सरकन मागं यायला लागली. मॅडमनं धावून धरली म्हणून बरं. मॅडम म्हणाली, मी ढकलते. सुमननं मान हलवली. "ढकलून जायाचं असतं तर कवाच गेले असते. ऱ्हाऊ दे. हितवर आले त्येच लय झालं. वरचं तुमी बघा आन् मला सांगा."

हसून बोलली ती. पण मला ते हसणं ओळखीचं होतं. खाटेवर बसून मी तीन-चार महिने तेच हसत होते.

आप्पा खाली बसले, वाटेवर तळहात टेकला, सरळ धरला, तिरपा धरला. मग म्हणाले, "माजं चुकलं. नजर गेली माजी. आता असली कामं सोडायला पायजेत." त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा पाहिला. आणि मी, एरवी विषय नसताना बोलणारी, तिथं वॉकर धरून उभी होते आणि माझ्या तोंडातनं अक्षर फुटलं नाही.

घरी आले. जेवण गेलं नाही. सकाळी चहासुद्धा न घेता उठले, वॉकर घेतला आणि निघाले. रिक्षावाल्यालाही हाक मारली नाही. डोक्यात एकच, आप्पांच्या छपरापर्यंत पोचायचं. मारुतीचं देऊळ कधी मागं पडलं तेही कळलं नाही. पोचले. आप्पा चुलीशी होते. वर बघून म्हणाले, "वैनी? संगं कोन हाय?"

मी म्हटलं, "कुणी नाही. आप्पा, तुमची नजर चांगली आहे. मी फसवलं तुम्हाला. तिसऱ्या वळणाला माझा दम गेला होता. मी मुद्दाम बोलत राहिले."

आप्पांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाले, "तरीच. आश्विन म्हैना दोनदा आला, मला वाटलं अधिक धरला का काय हिनं." मला हसू येईना. ते पुढं म्हणाले, "साठ वर्सं मेंढरामागं चाललो. एका मेंढरानं फसवलं न्हाई. पयल्यांदा बोलनारं जनावर धरलं आन् गंडलो. कशापायी केलंसा?"

"मला घर सोडायचं नाही, आप्पा. दिवाळीला संजय न्यायला येतोय. त्याला मी धडधाकट दिसायला हवी होते."

"मग त्ये पोराला सांगायचं! टेकडीला कशाला फसवतासा?"

एवढंच म्हणाले. मग चहा ओतला, माझ्यापुढं ठेवला आणि खोऱ्या-टिकाव खांद्यावर टाकून दारात उभे राहिले. "चला. आता खरं बोला."

त्या वळणावर मी चार वेळा गप झाले. चार दगड पडले. आप्पा आणि मॅडमनं माणसं लावून चढ फोडला. एका वळणाची दोन लांब वळणं केली. दिवाळीच्या आदल्या दिवशी सुमन पुन्हा आली, या खेपेला जुन्याच पातळात. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, मध्येच मला, ब्लाउज शिवून किती दिवस झाले, न्यायला कधी येणार म्हणून टोमणा मारत, ती पार माथ्यावर गेली. आणि माथ्यावर जाऊन जी गप झाली ती झालीच. खाली स्वतःच्या घराचा पत्रा बघत होती. लांब कुपवाडच्या शेडा दिसत होत्या, धुरकट. आप्पा अस्वस्थ. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैनी, ही का गप झाली? हितं तर सपाट हाय." मी म्हटलं, "आप्पा, इथं दगड ठेवू नका. राहू दे तिला."

संजय आला. फराळ झाला. तो म्हणाला, "चल आई, देवळापर्यंत जाऊ. दाखव." मी म्हटलं, "बस खाली. आधी ऐक. मी देवळाच्या पुढं जाऊन आले एकटी, पण ते सोड. तिसऱ्या वळणाला मला अजून धाप लागते. पाण्याची बादली उचलत नाही. परवा भाजी करपली. हे सगळं खरं आहे. आणि तरी मला तुझ्याकडं यायचं नाही. मला इथंच राहायचं आहे."

तो जवळ सरकला. मग म्हणाला, "आई, तू जगातलं सगळं बोलतेस. एवढं एकच कधी बोलली नाहीस. मला वाटलं, तुला यायचंय पण सुनेला अडचण नको म्हणून तू लाजतेस."

बघा म्हणजे. त्यानं पिवळा रंग लावला होता तो मला लाजायला लागू नये म्हणून, आणि मी त्याला घाबरून टेकडी फसवली. न्हाणीत त्यानं दुसऱ्याच दिवशी धरायला दांडे बसवून घेतले, खाली खरखरीत फरशी. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतो. खोली तशीच ठेवलीय. मी उन्हाळ्यात पंधरा दिवस जाऊन राहते त्या पिवळ्या खोलीत, पाहुणी म्हणून. छान आहे, वारं येतं.

वाटेला आप्पांचं नाव द्यायचं गावानं ठरवलं होतं, फलकही रंगवला होता. आप्पांनी तो पुसायला लावला. "नाव दिलं की वाट त्या मानसाची हुती. मग तुमी म्हननार, आप्पाच्या वाटंवर चाललोय. आपल्याच वाटंवर चाला की." आता तिथं नुसता बाण आहे.

गेल्या शिमग्यानंतर त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. मला वाटलं, आता आप्पा भांडणार. मी तर त्यांची बाजू घ्यायला पदर खोचून गेले. बघते तर माणूस गाठोडं बांधून तयार. मी म्हटलं, "आप्पा, सांगा की तिला. मला शिकवलंत ते विसरलात?"

ते हसले. "वैनी, तुमाला ऱ्हायाचं हुतं. मला जायाचं हाय. आमचा जलम चालन्यात गेला, एका जागी लय दिस ऱ्हायलं की पाय खाजत्यात. पोरगी म्हनली तिकडं बी माळ हाय, लेकरं हायत. म्हनलं चल." एसटी आली. चढताना मुलीनं हात धरायला पुढं केला, तर म्हणाले, "दम धर, चढतो." अख्खी गाडी खोळंबली, कंडक्टर घंटीला हात लावून उभा, आणि आप्पा एकेका पायरीला विचारून वर गेले. फोन करतात अधूनमधून. तिकडं विहिरीपर्यंतची वाट त्यांनी मोडून नवी केली म्हणे, मुलीच्या सासूसाठी.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले. बरोबर कुणी नव्हतं. तरवड पिवळाधमक फुलला होता. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिथल्या दगडावर बसले थोडी. बोरीत एक तितर ओरडत होता, त्याचं ऐकलं. मग उठले आणि तिथनंच परत फिरले. दमले नव्हते. घरी दूध तापवायचं राहिलं होतं.